पेट घेणारे आणि जळणारे

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातले हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचे शहर. तिथल्या हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत १९१९ मध्ये बेंजामिन ली व्होर्फ नावाचा तरुण रुजू झाला. आदल्याच वर्षी त्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. विमा उतरवलेल्या कारखान्यांत आग कुठे लागू शकते ते पाहायचे आणि लागलेल्या आगींचे अहवाल तपासून कारण शोधायचे, हे त्याचे काम. सदोष वायरिंग, तापलेल्या नळ्यांजवळचे लाकूड, भट्टीभोवती न ठेवलेली मोकळी जागा अशी कारणे सापडत होतीच. पण शेकडो अहवाल वाचून झाल्यावर त्याला आणखी एक कारण दिसू लागले. ते वस्तूंच्या नावांत होते.

त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पेट्रोलच्या पिंपांचे आहे. ‘पेट्रोलची पिंपे’ असे म्हटले की कामगार जपून वागत. त्यांच्या आसपास कोणी विडी-सिगारेट पेटवत नसे. शेजारच्या कोठारात ‘पेट्रोलची रिकामी पिंपे’ असली की तिथे मात्र बिनधास्त धूम्रपान चाले आणि थोटके कुठेही टाकली जात. वास्तविक धोका रिकाम्या पिंपांत जास्त होता. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच पेटते. भरलेल्या पिंपात वाफ इतकी दाट असते की जळायला हवाच पुरत नाही. पिंप रिकामे झाले की तळाशी उरलेल्या थेंबांची वाफ आणि बाहेरून आलेली हवा यांचे नेमके घातक मिश्रण तयार होते. आपल्याकडेही जुने पिंप किंवा टाकी गॅसकटरने कापताना होणाऱ्या स्फोटांचे कारण बहुधा हेच असते. ‘रिकामे’ या विशेषणाने आत काय नाही ते सांगितले. आत काय आहे, ते सांगितले नाही.

दुसरी हकीकत लाकडापासून रसायने काढणाऱ्या कारखान्यातली. तिथल्या ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांना चुनखडीपासून बनवलेल्या पदार्थाचे वेष्टण होते. नावातच चुनखडी, म्हणजे दगड, आणि दगड कशाला जळेल? म्हणून त्याला ज्वाळेपासून जपण्याची गरज कोणालाच वाटली नाही. पण ॲसेटिक ॲसिडच्या वाफा त्या वेष्टणावर बसत होत्या. चुनखडीतल्या कॅल्शियम कार्बोनेटचे त्यामुळे कॅल्शियम ॲसिटेट होत गेले. ॲसिटेट तापले की त्यातून ॲसिटोन सुटते आणि ॲसिटोन भडाभडा जळते. एके दिवशी भांड्याखाली लागलेली आग त्या ‘दगडाला’ लागली आणि दगड पेटला.

व्होर्फने हे अनुभव १९३९ मध्ये एका लेखात मांडले. तो लेख १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अवघ्या ४४ व्या वर्षी व्होर्फ गेला. भाषा विचारांना वळण लावते, या त्याच्या मोठ्या सिद्धान्तावर भाषाशास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. आगीच्या कामात मात्र त्याची शिकवण फार मोलाची आहे. एखाद्या पदार्थाला लावलेले विशेषण हेही सुरक्षेचे साधन असते आणि ते चुकीचे समजले गेले तर माणसे मरतात. इंग्रजीतल्या दोन विशेषणांच्या बाबतीत ही चिंता व्होर्फच्या हयातीतच अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या लोकांना सतावू लागली होती. ती दोन विशेषणे म्हणजे फ्लॅमेबल आणि इन्फ्लॅमेबल.

इंग्रजी बेताचेच शिकलेल्या माणसाला हे दोन शब्द दाखवले तर तो सहज तर्क करील. व्हिजिबल म्हणजे दिसणारे, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारे. तर मग फ्लॅमेबल म्हणजे पेट घेणारे आणि इन्फ्लॅमेबल म्हणजे पेट न घेणारे. तर्कात काहीच खोट नाही, फक्त निष्कर्ष उलटा आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. सहज पेट घेणारे.

याचे मूळ लॅटिनमध्ये. फ्लामा म्हणजे ज्वाला. त्यावरून इन्फ्लामारे हे क्रियापद झाले, पेटवणे या अर्थाचे. इथला ‘इन’ नकाराचा नाही. तो ‘आत, मध्ये’ या अर्थाचा, क्रियेला जोर देणारा आहे. लॅटिनमध्ये रूपाने सारखे पण अर्थाने वेगळे असे दोन ‘इन’ होते आणि इंग्रजीने दोन्ही उचलले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडच्या ‘वि’ या उपसर्गाची गतही अशीच आहे. विख्यात, विशुद्ध यांतला ‘वि’ अर्थ गडद करतो. विफल, विजोड यांतला ‘वि’ अर्थ काढून घेतो. विख्यात गवई म्हणजे ख्याती नसलेला गवई असे कोणी समजत नाही, कारण हा शब्द कानावरून हजारदा गेलेला असतो. ज्याला तो पहिल्यांदाच भेटतो, त्याला मात्र आधार फक्त तर्काचा.

हाच गोंधळ इंग्रजीत इतरत्रही आहे. इनहॅबिट म्हणजे वस्ती करणे. म्हणून इनहॅबिटेबल म्हणजे राहण्याजोगे. हॅबिटेबल म्हणजेही राहण्याजोगे. आणि फ्रेंचमध्ये जवळपास तसाच लिहिला जाणारा शब्द नेमका ‘राहण्यास अयोग्य’ या अर्थाने वापरतात. पेट घेण्याच्या बाबतीत फ्रेंच भाषा जास्त सरळ वागली. तिथे पेट घेणाऱ्याला इन्फ्लॅमेबलचेच फ्रेंच रूप आहे आणि पेट न घेणाऱ्यासाठी त्याच्यापुढे आणखी एक नकारार्थी ‘इन’ जोडतात. दोन्ही ‘इन’ एका शब्दात शेजारी शेजारी नांदतात.

इंग्रजीत इन्फ्लॅमेबल हा शब्द सतराव्या शतकापासून आहे. तीनशे वर्षे त्याने कोणाचे काही बिघडवले नाही. हेन्री कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वेगवेगळ्या वायूंवरचे प्रयोग मांडले, तेव्हा आज ज्याला आपण हायड्रोजन म्हणतो त्याला त्याने ‘इन्फ्लॅमेबल एअर’ म्हटले. त्याचे श्रोते लॅटिन शिकलेले होते, त्यांना ‘इन’ कोणता हे विचारावे लागले नाही. फ्लॅमेबल हा आखूड शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छापला गेला होता, पण रुजला नाही. त्याची गरजच नव्हती.

विसाव्या शतकाने ही परिस्थिती बदलली. मोटारी आल्या, पेट्रोलचे टँकर रस्त्यांवरून धावू लागले, रंग, थिनर, सॉल्व्हंट यांची पिंपे प्रत्येक कारखान्यात पोहोचली. ती हाताळणारा कामगार लॅटिन सोडाच, पुष्कळदा इंग्रजीही नवशिका असे. कोणी इटलीतून आलेला, कोणी पोलंडमधून. १८९६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेची नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन १९२० च्या दशकापासून आग्रह धरू लागली की इन्फ्लॅमेबल हा शब्द बाजूला ठेवा आणि फ्लॅमेबल वापरा. विमा कंपन्यांनाही ते पटले. व्याकरणाच्या दृष्टीने जुना शब्द निर्दोष होता, तरी तो बदलायला हवा, हे म्हणायला धैर्य लागते. भाषेच्या शुद्धतेपेक्षा वाचणाऱ्याचा जीव मोठा, असा तो स्वच्छ निर्णय होता.

नव्या शब्दाला कायद्याची मान्यताही मिळत गेली. १९४० च्या दशकात अमेरिकेत मुलांच्या काउबॉय पोशाखातल्या, लव असलेल्या रेयॉनच्या विजारी ठिणगी पडताच भडकून मुले दगावली. रेयॉनच्या लवदार स्वेटरांमुळेही लोक असेच भाजले. त्यानंतर १९५३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कापडासाठी कायदा केला, त्याच्या नावात फ्लॅमेबल हाच शब्द आहे. १९५९ मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने संदिग्धता टाळण्यासाठी फ्लॅमेबल आणि नॉन-फ्लॅमेबल हेच शब्द वापरावेत असे आपले धोरण जाहीर केले. त्याच वर्षी लेखक ई. बी. व्हाइट यांनी आपले शिक्षक विल्यम स्ट्रंक यांचे लेखनशैलीवरचे छोटे पुस्तक सुधारून छापले. त्यात त्यांनी फ्लॅमेबलला जीव वाचवण्यापुरता उपयोगी असा विचित्र शब्द ठरवले. पेट्रोलचा ट्रक चालवत नसाल आणि मुलांच्या व निरक्षरांच्या सुरक्षेची जबाबदारी तुमच्यावर नसेल तर इन्फ्लॅमेबलच लिहा, असा त्यांचा सल्ला होता. व्हाइट मोठे गद्यकार होते, पण इथे त्यांचा निवाडा एकांगी वाटतो. गोंधळणारा माणूस निरक्षर असतो असे नाही. तो बहुधा भाषेचा नियम नीट शिकलेला आणि अपवाद माहीत नसलेला असतो. इंग्रजी परकी म्हणून शिकणाऱ्या कोट्यवधी लोकांची गत हीच आहे.

पुढे आंतरराष्ट्रीय वाहतुकीने प्रश्न निकालात काढला. धोकादायक मालाच्या वाहतुकीबद्दल संयुक्त राष्ट्रांनी १९५६ पासून ज्या शिफारशी केल्या, त्यांच्या आजच्या इंग्रजी मसुद्यात फ्लॅमेबल हाच शब्द आहे. लाल चौकट टोकावर उभी केलेली, तिच्यात ज्वालेचे चित्र आणि खाली ३ हा आकडा असेल तर तो पेट घेणारा द्रव, हे चिन्ह जगभर एकच.

तरीही जुना शब्द संपलेला नाही. भारताच्या कायद्यात तो ठाण मांडून आहे. १९५२ चा इन्फ्लॅमेबल सबस्टन्सेस ॲक्ट आजही त्याच नावाने ओळखला जातो. तो आणि १९३४ चा पेट्रोलियम ॲक्ट यांची अंमलबजावणी पाहणारी केंद्रीय संस्था, पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन, हिचे मुख्यालय नागपुरात आहे. १८९८ मध्ये स्फोटकांचे खाते म्हणून तिची सुरुवात झाली. देशातल्या पेट्रोल पंपांचे, तेलडेपोंचे, गॅस साठ्यांचे परवाने या संस्थेच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे आपल्या रस्त्यांवर एका टँकरवर इन्फ्लॅमेबल, तर दुसऱ्यावर फ्लॅमेबल दिसते आणि दोन्हींत भरलेले असते पेट्रोलच. मराठीत लिहिलेली सूचना या बाबतीत जास्त भरवशाची. ज्वालाग्राही वाचून किंवा ज्वलनशील वाचून कोणाचाही उलटा समज होत नाही. इंग्रजी सूचनेखाली मराठी सूचना ठळक अक्षरांत असावी, हा आग्रह त्यामुळे निव्वळ अस्मितेचा राहत नाही.

इन्फ्लॅमेबलने आपले वेगळे क्षेत्रही राखले आहे. फ्लॅमेबल फक्त पदार्थांना लागते: द्रव, वायू, कापड, फोम. माणसाचा तापट स्वभाव किंवा तणावाखाली असलेले शहर यांना इंग्रजी लेखक इन्फ्लॅमेबल म्हणतो, फ्लॅमेबल म्हणत नाही. त्याच्या जवळचे तिसरे विशेषण इन्फ्लॅमेटरी. जो भडकतो तो इन्फ्लॅमेबल, जे भडकवते ते इन्फ्लॅमेटरी. जमाव इन्फ्लॅमेबल असतो आणि त्याच्यापुढचे प्रक्षोभक भाषण इन्फ्लॅमेटरी. डॉक्टरांच्या कागदावरचे इन्फ्लॅमेशन याच घरातले, आणि मराठीत आपण त्याला दाह म्हणतो तेव्हा आपणही आगीकडेच बोट दाखवतो.

इथवर गोष्ट एकाच अर्थाच्या दोन शब्दांची झाली. खरा फरक, ज्याच्यावर परवाने, विमा आणि इमारतींचे आराखडे ठरतात, तो फ्लॅमेबल आणि कम्बस्टिबल या जोडीत आहे. फ्लॅमेबल म्हणजे सहज पेट घेणारे. कम्बस्टिबल म्हणजे जळू शकणारे. सागवानी दार कम्बस्टिबल आहे. काडी लावून ते पेटत नाही, पण वाड्याला आग लागली तर जळून जाते. पेट्रोल फ्लॅमेबल आहे. आणि इथे एक फार धोकादायक वळण लपलेले आहे. कम्बस्टिबलच्या आधी ‘इन’ लावला की तो नकाराचा ‘इन’ असतो. इनकम्बस्टिबल म्हणजे न जळणारे. इन्फ्लॅमेबल म्हणजे भडकणारे आणि इनकम्बस्टिबल म्हणजे न जळणारे! एकाच घाटाचे दोन शब्द आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध. म्हणूनच तांत्रिक मानकांत आज नॉन-कम्बस्टिबल असे स्पष्ट लिहितात.

‘सहज पेट घेणारे’ आणि ‘जळू शकणारे’ यांच्यात रेघ कुठे मारायची? बोलण्यात ती पुसट असली तरी चालते. कायद्यात चालत नाही. द्रवांच्या बाबतीत ती रेघ थर्मामीटरवर मारली गेली.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, पण द्रव पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याच्या पृष्ठभागावरची वाफ. प्रत्येक ज्वालाग्राही द्रवाचे एक तापमान असते, ज्याच्याखाली तो पेट घेण्याइतकी वाफच सोडत नाही. त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. तो मोजण्याची पद्धत साधी आहे. झाकण असलेल्या छोट्या कपात तेल ठेवून ते हळूहळू तापवायचे, ठरावीक अंतराने झाकणाची खिडकी उघडून आत इवलीशी ज्योत दाखवायची आणि ज्या अंशाला क्षणभर भपका उडतो तो लिहून ठेवायचा. हे उपकरण ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबल यांनी घडवले. त्या काळी घराघरांत रॉकेलचे दिवे होते. रॉकेलमध्ये हलके तेल मिसळलेले असले की दिवा भडकून घर जळे. ब्रिटनने १८७९ च्या पेट्रोलियम कायद्यात एबलची बंद कपाची चाचणी स्वीकारली आणि मर्यादा ठेवली ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास २३ अंश सेल्सिअस.

भारताचा पेट्रोलियम कायदाही आज पहिली रेघ २३ अंशांवरच मारतो. फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली असेल तो ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ च्या आत ‘ब’ वर्ग, ६५ ते ९३ च्या आत ‘क’ वर्ग. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास असतो. हिमालयात बर्फ पडत असतानाही पेट्रोलची वाफ पेट घ्यायला तयार असते. डिझेल आणि रॉकेल ‘ब’ वर्गात मोडतात. भारतीय मानकाप्रमाणे त्यांचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असायला हवा. वर्गाचा परिणाम व्यवहारात थेट दिसतो. विक्रीसाठी नसलेले ‘अ’ वर्गाचे तेल ३० लिटरपर्यंतच परवान्याशिवाय ठेवता येते. ‘ब’ वर्गाचे २,५०० लिटरपर्यंत ठेवता येते, मात्र कोणतेही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नको. ट्रॅक्टरसाठी पिंपभर डिझेल साठवणारा शेतकरी कायद्यात बसतो. तेवढेच पेट्रोल साठवणारा बसत नाही.

अमेरिकेत हीच रेघ बरीच वर्षे १०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ३७.८ सेल्सिअसवर होती. त्याच्या खाली फ्लॅमेबल, वर कम्बस्टिबल. एरवीच्या हवेत द्रव याहून जास्त तापत नाही, तेव्हा ज्याचा फ्लॅश पॉइंट यापेक्षा वर तो मुद्दाम तापवल्याशिवाय पेटणार नाही, असा त्यामागचा हिशेब. पण हा हिशेब मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरला लागू पडत नाही. तिथे सावलीतला पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या लोखंडी पिंपाचे अंग त्याहून तापते. ३५ किंवा ४० अंश फ्लॅश पॉइंट असलेले डिझेल अशा दुपारी वाफेच्या बाबतीत पेट्रोलच्या रांगेत येऊन बसते. हिवाळ्यात ‘जळू शकणारे’ असलेले तेल उन्हाळ्यात ‘पेट घेणारे’ होते. त्याच्यावरची चिठ्ठी तीच राहते. डिझेल काडीने पेटत नाही, असे ठामपणे सांगणारे जुने ड्रायव्हर खोटे बोलत नसतात. त्यांनी ते पाहिलेले असते, पण थंड हवेत.

फ्लॅश पॉइंटसाठी बाहेरची ज्योत लागते, हेही लक्षात ठेवायला हवे. ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेने पेट घेण्याचे तापमान वेगळे, आणि तिथे क्रम उलटा होतो. पेट्रोलला त्यासाठी साधारण अडीचशे अंशांहून अधिक लागतात, डिझेलला दोनशेच्या थोडे वर पुरतात. डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो तो यामुळेच. दाबून तापवलेली हवाच इंधन पेटवते. तापलेल्या एग्झॉस्टवर डिझेलची धार पडली तर ‘कमी धोक्याचे’ हे बिरुद कामाचे नाही.

घरातही या आकड्यांचा संबंध येतो. नेलपॉलिश काढायच्या द्रवात बहुधा ॲसिटोन असते. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंशांच्या आसपास. २०२० नंतर घरोघरी आलेल्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा साधारण विशीत असतो, म्हणजे मुंबईच्या कोणत्याही दिवशी ओलांडलेला. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते, उन्हात जवळजवळ दिसत नाही. हात ओले असताना गॅसची शेगडी पेटवू नये, हे त्यामुळे प्रत्येक घरात सांगायला हवे. फोडणीच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट सुमारे ३०० अंश. ते कम्बस्टिबल. पण कढई गॅसवर विसरली की तेही तिथवर पोहोचते, आणि अशा पेटलेल्या कढईत पाणी ओतले तर जळते तेल छतापर्यंत उडते. गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवणे हा उपाय.

वाफ कशी पसरते, याचे भीषण उदाहरण जयपूरजवळच्या सीतापुरा इथल्या तेलडेपोत २९ ऑक्टोबर २००९ रोजी दिसले. पेट्रोल तासाहून अधिक काळ गळत राहिले. हवेपेक्षा तिपटीहून जड असलेली त्याची वाफ जमिनीलगत आवारभर पसरली आणि ठिणगी मिळताच स्फोट झाला. टाक्यांची आग सुमारे ११ दिवस धुमसत होती.

घन पदार्थांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. मुंबईने ती १४ एप्रिल १९४४ रोजी अनुभवली. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर येऊ लागला. कापूस फ्लॅमेबल द्रवांच्या यादीत कधीच नसतो. तो कम्बस्टिबल, आणि दाबलेल्या गाठीत आतल्या आत धुमसणारा. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाण जहाजावर नव्हते. चारनंतर लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले, गोदी आणि तिच्यामागची वस्ती उद्ध्वस्त झाली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. एकट्या कापसाने इतके जीव घेतले नसते आणि कापसाशिवाय स्फोटकेही तशी उडाली नसती. ‘जळू शकणारे’ हे विशेषण सौम्य वाटते म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते, आणि मोठ्या आगींचे इंधन बहुतेक वेळा तेच असते.

साखर आणि पीठ हे तर कोणाच्या यादीतही बसत नाहीत. पण त्यांची बारीक धूळ हवेत तरंगत असली की ती स्फोटक असते, कारण प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते. मिनिआपोलिसमधली वॉशबर्न ए पिठाची गिरणी २ मे १८७८ रोजी अशीच उडाली, १८ माणसे मेली. जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीने १४ बळी घेतले. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत आणि गिरण्यांत साफसफाई हा अग्निसुरक्षेचाच भाग आहे, तो यामुळे.

विशेषणांच्या पुसटपणाची सर्वांत जड किंमत अलीकडच्या काळात लंडनने मोजली. १४ जून २०१७ च्या रात्री ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला आग लागली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. नूतनीकरणात बाहेरच्या भिंतींवर ॲल्युमिनियमचे पत्रे लावले होते, त्यांच्या पोटात पॉलिइथिलीनचा थर होता. बाहेरून धातू, आतून मेणासारखे जळणारे प्लास्टिक. ब्रिटनच्या तेव्हाच्या मार्गदर्शक नियमांत ‘मर्यादित ज्वलनशील’ असा एक दर्जा होता, ‘वर्ग शून्य’ असाही एक होता. वर्ग शून्य ही खूण मुळात पृष्ठभागावर ज्वाला किती पसरते एवढेच सांगे. पत्रा आतून जळतो का, हे सांगत नसे. ‘शून्य’ ऐकणाऱ्याला मात्र धोका शून्य असे वाटे. आगीनंतर डिसेंबर २०१८ मध्ये इंग्लंडने १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्यावर बंदी घातली, आणि कोणते साहित्य चालेल ते विशेषणांनी न सांगता युरोपीय चाचण्यांच्या अक्षर-आकड्यांनी सांगितले.

अमेरिकेतही तोच कल आहे. तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची वर्गवारी स्वीकारली आणि ९३ अंशांपर्यंत फ्लॅश पॉइंट असलेला प्रत्येक द्रव फ्लॅमेबल ठरला, चार प्रतींत विभागलेला. म्हणजे डिझेल एका रात्रीत ‘कम्बस्टिबल’चे ‘फ्लॅमेबल’ झाले. तेलात काही बदलले नव्हते. फ्लॅमेबलचा प्रचार जिने केला त्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननेही द्रवांच्या आपल्या मानकात २०२१ मध्ये ‘इग्नायटिबल’, पेटवता येण्याजोगे, असा तिसराच शब्द पुढे आणला.

भारतातल्या टँकरवर विशेषणाखेरीज एक आयताकृती पाटी असते. तिच्यावरचा चार आकडी क्रमांक संयुक्त राष्ट्रांचा, जगभर एकच: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १२२३ रॉकेल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस. त्याच पाटीवर अग्निशमन दलासाठीचा संकेत आणि तातडीचा फोन क्रमांकही असतो. टँकर उलटलेला दिसला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला दूर जावे, सखल भागात थांबू नये, गाडी चालू-बंद करू नये, सांडलेले इंधन गोळा करायला कोणी धावत असेल तर त्याला थांबवावे. लांबून जमले तर तो चार आकडी क्रमांक वाचून १०१ किंवा ११२ वर सांगावा. निघालेल्या बंबाला पाणी घेऊन जायचे की फोम, हे त्या क्रमांकावरून वाटेतच ठरवता येते.